येर म्हणजे पाणी

माझं नाव तुम्ही टीव्हीवर वाचलं असेल. दोन सेकंद आलं होतं, तेही पळत. 'आदिवासी भाषा : मुबीन शेख.' अठ्ठ्याण्णव साल. त्या दोन सेकंदांसाठी मी चंद्रपुरात आमच्या मोहल्ल्यात किलोभर पेढे आधीच वाटले होते. आता कोणी त्या मालिकेचं नाव काढलं, की मी गल्ल्यावरून उठून दुकानाच्या मागे जातो.

मला माडिया येते ती पुस्तकातून नाही. माझे वडील, बाबूभाई, गडचिरोलीकडच्या आठवडी बाजारांत मणी, आरसे, कंगवे विकायचे आणि मी सात वर्षांचा असल्यापासून त्यांच्या मागे मागे. बायका एका माळेसाठी तासभर घासाघीस करायच्या. भाषा न शिकून जातो कुठे! रुखमाबाई त्यांच्यातलीच एक गिऱ्हाईक. गाव एटापल्लीच्या पलीकडे, कपाळावर नि हातांवर गोंदण, आणि जीभ अशी तिखट की तिला येताना पाहून बाबूभाई आपणहून भाव उतरवायचे.

तिची मुलगी मैनी पंधराव्या वर्षी तापाने गेली. पावसाळ्यात खाटेवर घालून दवाखान्यात नेत होते. वाटेत पोर सारखी 'येर, येर' म्हणत होती. माडियात येर म्हणजे पाणी. रुखमाबाई नाल्यावर धावली, पानाच्या द्रोणात पाणी घेऊन आली, तोवर सगळं संपलं होतं. त्या लोकांत गावाबाहेर मेलेल्यांच्या नावाने दगड उभे करतात. मैनीचाही दगड उभा राहिला. रुखमाबाई तिथे जायची, पाणी ओतायची आणि हाक मारायची, "मैनी, वा. येर." ये, पाणी पी.

पुढे तिचा मुलगा लालसू चंद्रपुरात लाकडाच्या डेपोवर कामाला लागला आणि आईला घेऊन आला. माझी मुलगी निशात ज्या शाळेत तिसरीला होती, तिथल्या मोठ्या बाई सत्यशीलाबाई यांच्याकडे मी शब्द टाकला. रुखमाबाईला पोरांना पाणी पाजायचं काम मिळालं. मधल्या सुट्टीत पोरं ओंजळ करून ओळीने यायची आणि ती गडव्याने धार सोडायची. "हळू पी ना बे, ठसका लागन." अर्धं पिऊन पळणाऱ्याला मागून चार शिव्या. मी एकदा विचारलं, "बाई, थकत नाई का?"

"एकीले पोचलं नाई ना बापू," ती म्हणाली. "आता एवढ्या जनायले पाजून राह्यली."

त्याच वर्षी मेमध्ये मालिकावाले आले. त्यांना आलापल्लीच्या जंगलात चित्रीकरण करायचं होतं आणि भाषा जाणणारा माणूस हवा होता. कोणीतरी माझं नाव सांगितलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दिग्दर्शकाने मला खालून वर पाहिलं आणि एक छोटी भूमिकाही देऊन टाकली. सागवान चोरणाऱ्या टोळीचा माणूस. चौकडीची लुंगी, डोळ्यात सुरमा, गळ्यात ताईत, आणि दर वाक्याला 'खुदा की कसम.' मी जन्मात पँट-शर्टाशिवाय काही घातलं नव्हतं आणि सुरम्याने माझे डोळे चुरचुरतात. घरी बायकोने, सुलतानाने, कपाळाला हात लावला. "तुमच्या खानदानात कोणी लाकूड चोरलं होतं काय?" मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, नाटकच तर आहे. स्वतःवर आलं तेव्हा हसलो, म्हणूनच दुसरीवर आलं तेव्हा तोंड उघडता आलं नाही, असं मला आता वाटतं.

मग त्यांना एक म्हातारी हवी होती. "गोदना हो चेहरे पर. असली," दिग्दर्शक म्हणाला. मी रुखमाबाईला विचारलं. ती नाहीच म्हणत होती. पण चित्रीकरण तिच्या गावापासून जवळ, गाडीही फुकट. "मैनीच्या दगडापाशी नेशीन?" तिने विचारलं. मी हो म्हटलं आणि ती आली.

त्यांनी तिच्या तोंडाला काजळी फासली, केस विस्कटले, गळ्यात हाडांची माळ घातली. तिने एक हाड दाताखाली धरून पाहिलं. "पलाष्टिकचं हाये," ती मला म्हणाली आणि खूप हसली. तिला हसताना मी पाहिलेलं ते शेवटचं.

जमिनीवर एक नट मेल्यासारखा पडला होता. तिने त्याच्याजवळ बसून आपल्या भाषेत काहीतरी म्हणायचं होतं. रुखमाबाई उठूनच उभी राहिली. "हा तर जिता हाये. जित्या मानसाले रडत नाई आमी. त्याची माय असन ना कुठी." तिकडे ऊन उतरत होतं, दिग्दर्शक घड्याळ पाहत होता आणि माझी पत जात होती. मी तिला गूळ लावला. म्हटलं, बाई, त्याच्यासाठी नको रडू, तुझ्या मनातलं काही म्हण. तिने माझ्याकडे पाहिलं. मग त्या नटाकडे पाठ केली, दोन्ही हात पुढे पसरले आणि मैनीला हाक मारली. "वा, मैनी, वा. येर, येर." इतक्या जोराने की दिवे धरणारी पोरंही गप्प झाली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, सुरमा नसतानाही.

दिग्दर्शक खूश. "क्या बोल रही है?"

"पानी," मी म्हटलं. "मरी हुई बेटी को पानी पीने बुला रही है."

"बढ़िया. लेकिन पानी से पब्लिक नहीं डरती, मुबीनभाई." तो हसला. मग म्हणाला, "अपने नाम की स्पेलिंग लिखवा दो, टाइटल में डालेंगे."

मी स्पेलिंग लिहून दिली. दोनदा तपासली.

संध्याकाळी मी तिला दगडापाशी नेलं. तेवढा शब्द पाळला.

दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी तो भाग लागला. लालसूकडे टीव्ही नव्हता, म्हणून मायलेकांना मीच घरी बोलावलं. सुलतानाने शेवया केल्या होत्या. मोहल्ल्यातली पंधरा-वीस पोरं दारात, त्यातली बरीच निशातच्याच शाळेतली. मी लुंगीत दिसलो तेव्हा सगळी खिदळली. मग रुखमाबाई आली. ती पुढे सरकली, टीव्हीच्या काचेजवळ. पडद्यावरची काळी म्हातारी हात पसरून 'येर, येर' ओरडत होती आणि खाली हिंदीत अक्षरं उमटली : 'खून... खून दो... देवी प्यासी है.' पुढच्याच दृश्यात कोणाचं तरी मूल नाहीसं झालेलं.

पोरांना हिंदी वाचता येत होतं. रुखमाबाईला नाही. ती वळून माझ्याकडे पाहत म्हणाली, "मैनीचं नाव आलं ना बापू? साऱ्या मुलखानं आयकलं." तिचे डोळे भरले होते. पोरं दारातून एकेक करून मागे सरकत होती. तेवढ्यात माझं नाव आलं नि गेलं.

दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत तिच्यापुढची ओळ संपली. पोरं लांबून 'येर, येर' ओरडून पळत. कोणी घरून बाटली आणू लागलं, कोणी तहानलेलंच राही. निशातही बाटली मागायला लागली. मी तिला जवळ बसवलं. "बेटा, येर म्हणजे पाणी. त्यांनी खोटं लिहिलं."

"पण खाली तुमचंच नाव होतं ना पप्पा," ती म्हणाली. "तुम्हाला तर ती भाषा येते."

दिग्दर्शकाला मी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. सत्यशीलाबाईंकडे गेलो, त्यांनी ऐकून घेतलं. त्या वाईट नव्हत्या. "मला कळतं हो," म्हणाल्या, "पण रोज चार पालक येतात. लेकरं तहानेली राहतात. मी काय करू?" त्यांनी रुखमाबाईला झाडलोटीवर लावलं आणि गडवा दुसऱ्या बाईकडे गेला.

रुखमाबाई त्याच दुपारी दुकानात आली. खाली बसली. "पोट्टे माह्या हातचं पानी काऊन पीत नाई, बापू? लालसूले इचारलं तर तो मान खाली घालते. तू सांग. त्या डब्यात काय लिवलं होतं?"

मी सांगितलं. माडियात सांगितलं, कारण मराठीत माझी जीभ वळेना. रक्त या शब्दाशी आलो तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

मला वाटलं, शिव्या देईल. मला हव्याच होत्या. ती म्हणाली, "म्हंजे साऱ्या मुलखादेखत मी माह्या मैनीले रगत पाजलं?"

"नाई बाई, तू नाई..."

"ते आयकत असन ना. मी हाक मारली तर आली असन ते. अन् वंजळीत काय भेटलं तिले?"

ती उठून गेली. आठवड्याभरात काम सोडलं, शहर सोडलं. लालसू म्हणायचा, गावी बरी आहे, पण दगडाकडे जात नाही. पाणी घेऊन निघते आणि अर्ध्या वाटेवरून परत येते.

पुढच्या उन्हाळ्यात मी गेलो. मला पाहून तिने 'बस' म्हटलं नाही, 'जा'ही म्हटलं नाही. आत जाऊन पाण्याचा तुंबा घेऊन आली नि पुढे चालू लागली. मी मागे. दगडाभोवती वर्षभराचं गवत माजलं होतं. तिने ते उपटलं, पाणी ओतलं आणि तोंड उघडलं. शब्द आला नाही. दोनदा झालं असं. मग ती बाजूला झाली आणि तुंबा माझ्या हातात दिला.

"तू सांग तिले," ती म्हणाली. "भाषेचा मोठा मानूस तू. टीवीत तुहं नाव हाये. तुहं आयकन."

मी उकिडवा बसलो. उरलेलं पाणी दगडावर सोडलं. "वा, मैनी," मी म्हटलं. "येर. येरच होतं, पोरी."

"जोरानं," मागून रुखमाबाई म्हणाली. "तिथी साऱ्यायले आयकू गेलं होतं."

मी जोराने म्हटलं. पुन्हा म्हटलं. ती पुरे म्हणेना.