पाऱ्याची बाटली आणि जामसरचे उडीद

बुधवार, १२ जानेवारी १९५५. सकाळी साडेसात वाजता जामसरच्या एका पाड्यावर गौराबाईने चुलीवर खापर ठेवले आणि शेरभर उडीद भाजायला टाकले. थंडी होती म्हणून दार लोटलेले होते. तिचा दीड वर्षाचा नातू बारक्या चुलीशेजारी गोधडीत झोपला होता. दुपारी बारा वाजता त्याला श्वास घेता येईना.

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. त्या सकाळी मी त्याच घरात, कोनाड्यात, रिकामी उभी होते. माझ्यातला पारा त्या उडदात होता.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. जव्हार संस्थान असताना तिथल्या शाळेसाठी एक पेटी आली, तिच्या भुशात मी होते. पुढे संस्थान विलीन झाले, शाळेच्या पाटीवरचे नाव बदलले, कपाटाची किल्ली दुसऱ्या शिपायाकडे गेली. मी मात्र त्याच फळीवर राहिले. कित्येक वर्षे मला कोणी हात लावला नाही.

मग देवजी गुरुजी आले. ते इथल्याच शेतकऱ्याच्या घरातले, सरकारी नोकरी धरणारे घरातले पहिले. त्यांनी मला पुसले आणि वर्गात हातोहात फिरवले.

"गुरुजी, ही एवढीशी हाय, पन रेडकासारखा भार टाकते," सुकऱ्या म्हणाला.

"तुझ्या डोक्यापेक्षा तरी भरलेली हाय," मागून मधू म्हणाला. सारा वर्ग हसला. माझे एवढे कौतुक त्याआधी कधी झाले नव्हते.

गुरुजींनी भिंतीवर तक्ता लावला होता. त्यात तीन रकाने होते : नाव, चिन्ह, उपयोग. शिसे, पीबी, बंदुकीची गोळी. सेरियम, सीई, लायटरचा खडा. थोरियम, टीएच, लग्नातल्या गॅसबत्तीची जाळी. मुले एका सुरात म्हणत. सगळ्यांत पाठांतर चोख ते फागीचे. ती जामसरची, बोर्डिंगात राहणारी, वर्गातल्या तीन मुलींपैकी एक.

"पारा, एचजी," ती म्हणे. "थर्मामीटरात, आरशामागं, अन् धान्याला कीड लागू नये म्हणून."

तिसरा उपयोग गुरुजींनी स्वतः सांगितला होता. एका व्यापाऱ्याच्या कोठारात त्यांनी तो पाहिला होता. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी मला फागीच्या हातात बक्षीस म्हणून ठेवले. "वर्गाला मोठी बाटली आहे," ते म्हणाले. "ही ने. तुमच्या उडदाला लाव."

घरी तिच्या आजीने, गौराबाईने, मला उजेडात धरून पाहिले. तिच्या घरात उडीद राखेत घोळून कणगीत भरायची रीत होती.

"राखेनं काय वाईट केलं गो तुझं?"

"आजी, गुरुजींनी शिकवलंय. कीड जवळ येत नाय."

"राखेला शाळेत जावं लागत नाय," म्हातारी हसली. पण नातीच्या बक्षिसाला ती नाही कशी म्हणणार? फागीने माझ्यातला पारा राखेत ओतला आणि त्याचे थेंब दिसेनासे होईपर्यंत तळव्यांनी चोळला. मग ती राख उडदाला लागली. पुढे भाजण्याआधी गौराबाईने ते उडीद पाखडले होते. उडदावर डोळ्यांना काही दिसत नव्हते. खापर तापले तेव्हाही काही दिसले नाही. खापरातून धूर निघाला असता तर तिने दार उघडले असते.

डोलीतून बारक्याला जव्हारच्या दवाखान्यात नेले. गौराबाई स्वतः खोकत मागून चालत होती. मी तिच्या ओटीत होते. फागीला बोर्डिंगातून बोलावले, तिच्याबरोबर गुरुजीही आले.

म्हातारीने मला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले. "राख दरसाल असते, सायब. भाजणं दरसाल असतं. औंदा नवं हे एकच."

"ह्यात काय होतं?" डॉक्टरांनी विचारले.

"पारा," फागी म्हणाली. "मी चोरला. शाळेच्या कपाटातून."

"खोटं बोलते आहे ती," गुरुजी म्हणाले. "मी दिला. उपयोग सांगून दिला."

"तापवला की त्याची वाफ होते, ती विषारी असते, हे सांगितलं होतं?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "परीक्षेत चिन्ह आणि उपयोग विचारतात. मी तेवढंच शिकलो होतो, तेवढंच शिकवलं."

फागीने आपले दोन्ही तळवे उलटे करून मांडीवर ठेवले.

मित्रांनो, मी निर्जीव आहे. मला स्वतःला बूच लावून घेता येत नाही की कोणाला अडवता येत नाही. माझ्यासारखी वस्तू तुमच्या हातात आली तर तिचे नाव जरूर विचारा, उपयोगही विचारा. पण तिथेच थांबू नका. ती तापली, सांडली, श्वासात गेली तर काय करील, तेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत तिला घरी नेऊ नका.

गुरुवारी गुरुजी जामसरला गेले. कणगीतले उरलेले उडीद त्यांनी मडक्यात भरून, तोंड बांधून आणले. ते मडके दवाखान्याच्या मागे ठेवले आहे. त्याचे काय करायचे ते अजून कोणाला सांगता आलेले नाही.

अशा विषावर एक इंजेक्शन आहे, पण ते इथे नाही. डॉक्टरांनी बुधवारी संध्याकाळी मुंबईला तार केली. आज शुक्रवार, संध्याकाळचे पाच वाजले आहेत. बारक्याचा श्वास मिनिटाला साठ आहे, नेहमीच्या दुप्पट. तारेचे उत्तर आलेले नाही.