आवाजाचा रकाना

आमचे हे रिटायर झाले ते फक्त कागदावर. तेहतीस वर्षं एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये काढली. दर तासाला मीटर बघायचे आणि लॉगबुकात आकडे लिहायचे. निरोपाची शाल घरी आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हे आंघोळ करून ओट्यावर हजर. समोर काय, तर आमच्या रो-हाउसची वीतभर बाग: एक शेवगा, एक जास्वंद, मोगऱ्याच्या चार कुंड्या आणि गेटवर चढलेली बोगनवेल. आठवडाभर नुसते बघत बसले. मग जेलरोडवरून एक लांब रजिस्टर आणलं आणि पट्टीने रकाने पाडले. वेळ, पक्षी, कुठे बसला, काय करतो, आवाज, शेरा. शेवटची पानं फुलांसाठी राखून ठेवली.

"यादवराव पहिल्या पाळीला बसले का?" असं शेजारच्या कलाबाई मला रोज विचारतात. मीही हसते. पण माणूस घरात पायात पायात येत नाही, याचं मला बरंच वाटत होतं.

रजिस्टरला नियम प्लांटमधलेच. खोडरबर नाही, व्हाइटनरचं तर नावच नको. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. एकदा मी मोगऱ्याच्या कळ्या मोजून त्यांच्या अकराच्या बारा केल्या, तर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

या वर्षी होळीच्या आधी आमच्या हर्षालीचा घोटीहून फोन आला. ती तिथे शाळेत शिकवते. म्हणाली, "आई, पायल मे महिन्यात यायला नाही म्हणतेय."

पायल आमची नात, सहा वर्षांची. दर मे महिन्यात महिनाभर इथे असते, आणि हे त्या महिन्याची वाट जानेवारीपासून बघतात. मी विचारलं, "का गं, काय झालं?"

"म्हणते, आजोबा माझं ऐकतच नाहीत. मी बोलते आणि ते दुसरीकडे बघतात."

मला राग आला. पायलचा नाही, ह्यांचा. कारण खरंच होतं ते. फोनवर पायल आली की हे "हो, हो, अभ्यास कर" म्हणून फोन माझ्या हातात देत. मी ह्यांना जाब विचारला, तर म्हणाले, "ती माझ्याशी बोलतच नाही आता. लाजते. मोठी होतेय." एवढं बोलून पेपर उघडला, पण पान काही उलटलं नाही.

कानाची शंका मला आली नव्हती असं नाही. त्यांच्या वडिलांनाही साठीनंतर कमी ऐकू यायचं. आमच्या कुकरच्या शिट्टीचंही तेच. मी मंदिरात गेले की डाळ करपलीच म्हणून समजा. "शिट्टी झालीच नाही, शिट्टीच बाद आहे," असं म्हणून ह्यांनी वर्षात दोन नव्या शिट्ट्या आणल्या. मी कानाच्या डॉक्टरांचा विषय काढला की भडकायचे.

"मला चौकातल्या पिंपळावरचा तांबट इथे बसून ऐकू येतो. तुला येतो का?"

तांबटाची ती टुक टुक मला खरंच कधी कधी कळायची नाही. माझं बोलणं तर त्यांना बरोबर कळायचं. माझा आवाज मुळात जाड, संसारात आणखी चढलेला. तेव्हा मी ठरवून टाकलं की ह्यांना हवं ते ऐकू येतं आणि नको ते येत नाही. बायका नवऱ्यांबद्दल असं फार लवकर ठरवतात, मीही त्यातलीच.

मार्चच्या मध्याची सकाळ. शेवग्याला फुलांचे झुपके लटकलेले, खाली अंगणात पांढरा सडा पडलेला. मी ओट्यावर मेथी निवडत होते, हे खुर्चीत रजिस्टर घेऊन. केबलच्या वायरवर शिंजीर येऊन बसला. अंगठ्याएवढा पक्षी, पण या दिवसांत नराच्या अंगावर असा जांभळा-निळा रंग चढतो की बघत राहावं. जास्वंदीच्या फांदीला त्याची मादी घरटं टांगत होती, आणि हा वर बसून गळा फुगवून ओरडत होता. चुईट, चुईट, चुईट. माझे कान किटले.

हे त्याच्याकडे फार प्रेमाने बघत होते. म्हणाले, "बिचारा. एवढी चोच उघडतो, पण मुका आहे."

मला वाटलं, थट्टा करतात. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

हे बागेला पाणी द्यायला उठले तेव्हा मी रजिस्टर ओढून घेतलं. आवाजाचा रकाना वाचत मागे मागे गेले. तांबट, टुक टुक. भारद्वाज, घुमतो. कोकीळ, नेहमीचा. शिंजीर, आवाज नाही. शिंपी, आवाज नाही. आता शिंपी म्हणजे बोटाएवढा पक्षी, पण सकाळी सुरू झाला की अख्ख्या गल्लीला उठवतो. त्याच्यापुढे दर दिवशी, त्याच सुबक अक्षरात, आवाज नाही. जेवढे बारीक आवाज होते तेवढे सगळे नाहीत.

पानं उलटता उलटता मी संक्रांतीशी पोचले. पक्ष्यांच्या ओळींमध्येच एक ओळ होती. "पायल. ओट्याच्या पायरीवर. माझ्याजवळ बसली." आणि पुढे आवाजाच्या रकान्यात, "नाही."

तो दिवस मला चांगला आठवत होता. पायल त्यांच्या गुडघ्याला टेकून तासभर बोलत होती. शाळेचं गॅदरिंग, तिचा नाच, कुणाचा तरी पडलेला मुकुट. मी आतून तिळगुळाच्या वड्या पाडताना सगळं ऐकलं होतं. मला रडू आलं. माणूस रोज माझ्यासमोर बसत होता आणि मी त्याला हट्टी म्हणत होते.

हे पाणी देऊन आले. समजावून सांगणं मला जमत नाही. मी सरळ म्हणाले, "अहो, तो शिंजीर गातोय."

"कुठे?"

"तिथेच, वायरवर. सकाळपासून. शिंपीपण ओरडतो. रोज ओरडतो."

त्यांनी वर पाहिलं. शिंजिराचा गळा थरथरत होता, चोच उघडत-मिटत होती.

"तुम्हीच सांगता ना," मी म्हणाले, "मशीन डोळ्यांसमोर फिरतंय आणि मीटर शून्य दाखवतोय, तर काय समजायचं?"

ही त्यांची आवडती गोष्ट. नव्या पोरांना शिकवायचे, घरी आलेल्या पाहुण्यांनाही ऐकवायचे.

"मीटर खराब," ते म्हणाले.

मग खुर्चीत बसले. चहा दिला तो गार झाला. दुपारी जेवताना मान खाली घालूनच विचारलं, "तो कानाचा डॉक्टर कुठे बसतो म्हणालीस?" मी पत्ता दिला. मग दुपारभर ते ओट्यावर पट्टी घेऊन बसले होते. मी मुद्दाम तिकडे गेले नाही.

संध्याकाळी दिवा लावून बाहेर आले तर रजिस्टर उघडंच होतं. जितक्या ठिकाणी "आवाज नाही" होतं तितक्या ठिकाणी एक आडवी रेघ, पट्टीने मारलेली. शेजारी, "गातो. मला ऐकू आला नाही." आणि सही. पानामागून पान. संक्रांतीच्या ओळीवरही तशीच रेघ होती. "बोलली. मला ऐकू आलं नाही." तिथली सही मात्र जरा वाकडी आली होती.

"हर्षालीला फोन लाव," हे म्हणाले. "पायलला दे म्हणावं. आणि तू इथे बस, ती काय बोलते ते मला तुझ्या आवाजात सांग."

मी फोन स्पीकरवर टाकून दोघांच्या मध्ये धरला. पायल आली.

"पायल," हे म्हणाले, "संक्रांतीला पायरीवर बसून तू मला जे सांगत होतीस ना, ते मला ऐकू आलं नव्हतं. माझा कान बिघडलाय. परत सांगतेस का?"

पलीकडून तिने काहीतरी विचारलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"विचारतेय, सगळं परत सांगू का?" मी मोठ्याने सांगितलं.

"सगळं," हे म्हणाले, आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.