विमानाची झूल

जुना म्हणा, शेपटीवाला म्हणा, पोटात रबराची गोळी घेऊन सरपटणारा म्हणा. मित्रांनो, मी कॉम्प्युटरचा माउस आहे. सध्या एका प्लॅस्टिकच्या डब्यात, गुंडाळलेल्या वायरींच्या ढिगात पडून असतो. तिथंही मला चैन नाही. कुणी डबा हलवला की गोळी पोटात गडगडते आणि मला वाटतं, चला, बोलावणं आलं. येत नाही ते. पण स्वस्थ बसणं आमच्या जातीतच नाही, त्याला मी काय करणार?

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथलं मला खोक्यातला अंधार सोडून काही आठवत नाही. नाशिकच्या एका दुकानातून शेखरनं मला घरी आणलं तेव्हा नवं शतक नुकतंच लागलं होतं. शेखर मूळचा सायखेड्याचा. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात वाढदिवसाचे बोर्ड बनवता बनवता कॉम्प्युटरवरची रंगरंगोटी तो आपली आपणच शिकला. दिवसभर पुढाऱ्यांच्या गालांवरचे डाग पुसायचे आणि सिडकोतल्या भाड्याच्या खोलीवर आलं की विमानं रंगवायची, असा त्याचा संसार होता.

विमानं खरी नव्हेत बरं का! कॉम्प्युटरवर विमान उडवण्याचा एक खेळ असतो. त्यातल्या विमानांचा पोशाख आपल्याला बदलता येतो. शेखर त्याला लिव्हरी म्हणायचा. शिंप्यानं कापड बेतावं तसं विमानाचं अंग पडद्यावर सपाट उलगडलेलं असे. पंख इकडे, शेपूट तिकडे. त्यावर रंग भरायचा, रेघा ओढायच्या आणि ते सगळं माझ्याकडून. खिडक्यांखालची एक निळी पट्टी सरळ यावी म्हणून त्यानं मला कितीदा मागंपुढं दामटलं असेल! धूळ, लोकर, बिस्किटाचा चुरा माझ्या पोटात जायचा आणि मी अडून बसायचो. मग तो मला उताणा करून गोळी काढायचा, शर्टाच्या टोकाला पुसायचा, आतला मळ नखानं अलगद खरवडायचा. याहून मोठे लाड मला ठाऊक नाहीत.

तयार झालेली लिव्हरी तो सायबर कॅफेतून परदेशातल्या एका साइटवर चढवायचा. कुणी ब्राझीलमधून, कुणी जर्मनीतून 'झकास' म्हणून कळवायचं. त्या दिवशी शेखर खोलीभर येरझारा घालायचा. माझं नाव कुणी घेतलं नाही. पट्टी कुणाच्या पोटावर ओढली होती ते मला माहीत होतं, तेवढं पुरे.

एक मात्र खरं. शेखरला विमान रंगवता यायचं, उडवता यायचं नाही. जॉयस्टिक नव्हती, त्यामुळे उडवायचा तेही माझ्यावरच. आम्ही दोघांनी मिळून किती विमानं जमिनीत घातली, ते विचारू नका.

त्याची बहीण आशा लग्नानंतर मस्कतला होती. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं, तेव्हा ती सायखेड्याला येणार हे ठरलेलंच होतं. पण डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायलाच मनाई केली. नवरा पाळीवर कामाला, सासू नाही. आता आईनंच तिकडे जायला हवं होतं. जावयानं तिकीट काढून पाठवलं, पासपोर्ट झाला आणि आई, म्हणजे मालनबाई, शेखरच्या खोलीवर येऊन थडकल्या.

आल्या, पण घाबरून आल्या. जवळच्या ओझरच्या कारखान्यातली विमानं उभा जन्म त्यांच्या डोक्यावरून जात होती. कांदा निंदताना त्यांनी कधी मान वर केली नव्हती.

"आगगाडीला खाली रूळ असत्यात, एष्टीला रस्ता असतो. याच्या खाली काय हाय रे?"

"हवा असते, आई."

"मंग झालं तर!"

"काही होत नाही गं. रोज लाखो माणसं जातात."

"त्या लाखांत मी नव्हते ना."

शेखरनं डोकं लढवलं. मालनबाई ज्या विमानानं जाणार होत्या, त्याची हुबेहूब लिव्हरी त्यानं रंगवली. घरातच ओळख झाली की भीती जाईल, असा त्याचा हिशेब. रविवारी सकाळी आईला शेजारी बसवून त्यानं विमान मुंबईहून उडवलं. "ही बघ, पंखामागची खिडकी. इथं तू बसलीस." मालनबाई पदर तोंडाशी धरून बघत राहिल्या. समुद्र सरला, मस्कतची धावपट्टी दिसली. शेखरचा तळवा घामेजला, मी जरा जास्तच घसरलो आणि विमानानं नाक जमिनीत खुपसलं.



"आता माणसं?" मालनबाईंनी विचारलं.

"कसली माणसं? आई, खेळ आहे हा."

"आत मी होते ना?"

संध्याकाळी आशाचा फोन आला तेव्हा मालनबाईंनी सांगून टाकलं, "बाई, माझ्याच्यानं नाय जमायचं." पलीकडून रडणं येईल म्हणून त्यांनी जीव मुठीत धरला होता. आशा रडली नाही. "बरं, राहू दे आई. शेजारणीला सांगून ठेवते," एवढंच म्हणाली.

रडली असती तर परवडलं असतं. "शेजारीण! माझ्या लेकीला शेजारीण न्हाऊमाखू घालणार?" मालनबाई दुसऱ्या दिवशी खोलीभर फिरत राहिल्या. घासलेली भांडी पुन्हा घासली. गच्चीवर जाऊन आल्या. खुर्चीत टेकल्या, उठल्या. मी टेबलावरून बघत होतो. त्या बाईत आणि माझ्यात मला काही फरक दिसेना. शेवटी शेखर कामावरून आला तेव्हा त्या माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"हा उंदीर कसा धरायचा?"

"कशाला?"

"तुझं इमान पडलं ते कोरं व्हतं म्हणून."

"मला उतरवता येत नाही म्हणून पडलं, आई."

"ते तर हायेच. पण नुसतं पांढरंफेक! ना कपाळाला काय, ना शिंगांना. पोळ्याला असा बैल मी वेशीत नसता धाडला."

"आई, याला लिव्हरी म्हणतात."

"झूल म्हण की मंग. मला कळंल असं बोल."

कालपासून पहिल्यांदाच शेखर हसला. मालनबाईंनी मला पहिल्यांदा धरलं ते उचलून हवेत. पडद्यावर काहीच हलेना. "टेकव. सारवतेस तसा फिरव," शेखर म्हणाला. झालं! तळहात माझ्या पाठीवर पसरला आणि मी अर्धगोल अर्धगोल निघालो. शेखरच्या हातात मी मोजूनमापून चालायचो; या हातात मी वाहत गेलो. रेघ वाकडी आली तर शेखर पुसायला धावायचा आणि त्या म्हणायच्या, "असू दे. बैल काय पट्टी लावून रंगवत्यात?"

इंजिनांची तोंडं शिंगांसारखी हिंगुळी लाल झाली. पाठीवर झूल आली, तिला पिवळे गोंडे आले. नाकाखाली काळी तीट लागली. मग राहिला तो गेरूचा हात. पोळ्याला बैलाच्या अंगावर उमटवतात तो. मालनबाईंनी वाण्याकडून गेरू आणला, वाटीत कालवला आणि कागदावर उजव्या हाताचा ठसा दिला. शेखरनं तो दुकानातल्या स्कॅनरवरून आणून विमानाच्या कुशीवर बसवला. सुरेख दिसला. शेखरनं विमान फिरवून दुसरी बाजू दाखवली आणि मालनबाईंचा चेहराच उतरला.

"हा अंगठा इकडं कसा? डावा हात झाला की हा."

शेखरनं जीभ चावली. या विमानाच्या दोन्ही कुशींना एकच चित्र लागत होतं. एकीकडे सुलटं, दुसरीकडे आरशातल्यासारखं उलटं. एरवी अक्षरं असती तर त्याच्या लक्षात आलं असतं. हाताचं त्याला सुचलंच नाही.

"कोण बघतंय आई त्या बाजूनं?"

"डाव्या हातानं कुणी शुभाचं काम करतं व्हय? पुस ते. पुसून टाक सगळं."

"दोन्ही कुशींना वेगळं चित्र लागणारं दुसरं विमान घ्यायचं तर झूल पहिल्यापासून रंगवावी लागेल. आणि तुझं विमान परवा आहे."

मालनबाईंनी वाटी बाजूला सारली. पुसलं तर त्या जाणार नाहीत, हे शेखरला कळलं. ठेवलं तरी जाणार नाहीत, हे मला कळलं. गेरू सुकून वाटीला धरत चालला होता. त्यांनी आपले दोन्ही तळवे समोर धरले आणि उलटसुलट करून पाहिले.

"दोन्ही हात उमटीव," त्या एकदम म्हणाल्या. "शेजारी शेजारी. मंग उलटं झालं तरी दोन्हीच दिसत्याल. बाळाला काय मी एका हातानं उचलणार हाय?"

बोलून गेल्या आणि स्वतःच चपापल्या. शेखर शहाणा, त्यानं मान वर केली नाही. वाटीत थोडं पाणी घालून त्यानं ती पुढं सरकवली.

दुसऱ्या दिवशी झूल ल्यालेलं विमान मुंबईहून निघालं. लाल तोंडाची इंजिनं समुद्रावर घोंगावत होती. मस्कत जवळ आलं तसा शेखरचा तळवा पुन्हा ओला झाला. मालनबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. दोन हातांखाली मी.

"थांब. उतरवू नको."

"का?"

"तुला नाय जमत ते. फुडचं मी जाऊन बघते."

त्या गेल्या. माझं तिथं जाणं नव्हतं. बंद पडद्यासमोर मी नुसता पडून राहिलो आणि विमान कुठवर आलं असेल ते मनातल्या मनात सरकवत राहिलो. आईला विमानात बसवून शेखर मुंबईहून परतला, फोन वाजला. मालनबाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"पोचलीस? घाबरलीस का?"

"लय घाबरले! दुसरं कामच नव्हतं ना आत. ते ऱ्हाऊ दे, आशीनं काय खाल्लंय ते बघते आधी. ठेव फोन, बिल येतं."

पुढं आशाला मुलगी झाली. पहिली आंघोळ आजीनंच घातली.

मग लाल दिव्याचा, बिनगोळीचा नवा माउस आला आणि मी या डब्यात आलो. शेखरला बोल लावत नाही. माझी गोळी झिजली होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू फेकण्याआधी एकदा पुसून बघा, हे तर मी सांगणारच. पण त्याआधी एक विनवणी आहे. घरात कुणाला भीती वाटत असेल, तर 'काही होत नाही' म्हणून त्याला गप्प बसवू नका. त्याच्या हाताला काम द्या. रेघा वाकड्या येतील, येऊ द्या. मालनबाईंनी मला पहिल्यांदा टेबलावर टेकवलं तेव्हा त्यांचा हात लटलट कापत होता. झूल रंगवता रंगवता ते कापणं कधी थांबलं, ते ना शेखरला दिसलं, ना त्यांना स्वतःला कळलं. मी हाताखाली होतो, म्हणून मला कळलं.