पश्चिमेचा उतार

चीन-जपानच्या रानांत मोठ्या वृक्षांच्या सावलीला वाढणारे ते झुडूप जर्मनीत घराघरांच्या कुंपणाला दिसे. पण रानात ते आपसूक रुजल्याची त्या भागात नोंद नव्हती. यामिनीला ते सापडले वोल्फ्सबुर्गच्या दक्षिणेकडच्या बीच वृक्षांच्या वनात, २०१४च्या ऑक्टोबरात, एका ढगाळ दुपारी. कोवळ्या फांद्यांना बुचासारखे चपटे पंख, समोरासमोर दातेरी पाने, उकललेल्या जांभळट फळांतून लोंबणारे नारिंगी आवरणातले बी. उन्हातली त्याची भावंडे या दिवसांत रक्तवर्णी होतात; हे सावलीत फिकट गुलाबीच राहिले होते. तिने फांदी तोडली आणि वहीत लिहिले: पूर्वेचा उतार.

वनस्पती-संशोधन संस्थेतला तिचा नोकरीचा करार डिसेंबरात संपत होता. ही पहिली नोंद तिच्या नावावर लागली तर मुदत वाढेल, असे वनस्पतिसंग्रहाचे प्रमुख जयंत भालेराव यांनीच सांगितले होते. ते नागपूरचे, तिच्या वडिलांच्या ओळखीतले. त्यांनीच तिला इथे आणले, पहिल्या हिवाळ्यात आपला जुना कोट दिला. त्यामुळे "राहण्याच्या परवान्याच्या रांगेत तुझा दिवस जाईल, वही ठेवून जा, नमुन्याचं लेबल मी छापतो," असे ते म्हणाले तेव्हा तिने वही निःशंक मनाने त्यांच्या टेबलावर ठेवली.

वही परत मिळाल्यावर ती पुन्हा त्या वनात गेली. आभाळ निवळले होते. मावळतीचे ऊन झाडांच्या बुंध्यांमधून थेट त्या झुडपावर टेकले होते. उतार पश्चिमेचा होता. तिने वहीतली चूक खोडली.

नोव्हेंबरात नमुन्याचा कागद हाती आला. तिनेच दाबून वाळवलेली फांदी, आणि खाली लेबल. संग्राहक: जयंत भालेराव. पूर्वेचा उतार.

"अगं, संस्थेचंच काम आहे, नाव कुणाचं का असेना," जयंतदादा कॉफी ढवळत म्हणाले. "आल्झो... असो, तुला अजून पुष्कळ झुडपं सापडतील."

"दादा, तुम्ही तिथे गेलाच नाहीत."

पहिल्या नोंदीचा अहवाल पाठवून झाला आहे, एवढेच ते बोलले. त्यांचा चमचा मात्र थांबला होता.

जुने लेबल कधी फाडायचे नाही. चूक आढळली तर शेजारी आपली चिठ्ठी डकवायची, ती कुणी काढत नाही. हा संग्रहाचा दंडक तिला त्यांनीच शिकवला होता. तिने त्यांच्यासमोरच चिठ्ठी लिहिली: उतार पश्चिमेचा. फांदी मी तोडली. खाली नाव, तारीख.

डिंक वाळेपर्यंत ती अंगठा दाबून उभी राहिली. अंगात त्यांचाच कोट होता.