जळकोटची पाटी

मनसराला पाटी वाचता येत होती, आणि घोळ नेमका तिथंच झाला.

नेपाळी आणि मराठीची लिपी एकच. दोन वर्षांपूर्वी नवऱ्यामागं ती जळकोटला आली, तेव्हा रस्त्यावरची प्रत्येक पाटी तिनं घडाघडा वाचली होती. अर्थ मात्र निम्म्यांचाही लागला नव्हता. नवरा खिमबहादुर हायवेवरच्या एका हॉटेलात तंदूर सांभाळायचा. त्याला दुपारी मान वर करायला फुरसत नसायची, त्यामुळं बाहेरची सगळी कामं तिच्या गळ्यात. तिच्या भाषेत 'ळ' नव्हता. हळदीला ती 'हडद' म्हणायची आणि दुकानातल्या बाया तोंडाला पदर लावायच्या. मनानं वाईट नव्हत्या त्या; पण मनसरानं हळद मागणंच सोडलं. लेकीला पाठवायला लागली.

लेक सृजना सहा वर्षांची. यंदा तिचं नाव शाळेत घालायचं होतं. हेडमास्तर इंद्रजित सरांनी जन्माचा कागद पाहिला. साल होतं २०७५. नेपाळचा संवत. सर म्हणाले, आपल्याकडची तारीख करून आणा. म्हणून ती लेकीला घेऊन सकाळच्या गाडीनं धाराशिवला गेली. फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात तिनं कागद पुढं केला. तिथल्या माणसानं ते साल कॉम्प्युटरमध्ये घातलं. कॉम्प्युटरनं काही ते घेतलं नाही.

"ताई, ही पोरगी अजून पन्नास वर्षांनी जन्मणार हाय," तो म्हणाला.

रांगेतले लोक हसले, सृजनाही हसली. मनसराला त्यातलं हसण्यासारखं कळेपर्यंत तिच्या जागी दुसरा माणूस उभा होता. समजावून सांगायला शब्द नव्हते. कागद पिशवीत घालून ती स्टँडवर आली.

समोरच गाडी लागलेली, पाटीवर 'जळकोट'. तिनं दोनदा वाचलं आणि चढली. कंडक्टरनं विचारलं, "जळकोटच ना?" तिनं मान हलवली. लेक मांडीवर झोपली. बराच वेळ गेला तरी वाटेतलं तुळजापूर येईना. सकाळी न दिसलेले रेल्वेचे रूळ मात्र दिसले. नवऱ्याला तीनदा फोन लावला. दुपारच्या गर्दीत तो कुठला उचलतोय. शेवटी उठून ती कंडक्टरकडं गेली आणि नुसतं "तुळजापूर?" म्हणाली. त्यानं कपाळाला हात लावला. जळकोट दोन आहेत, आणि ही गाडी लातूरच्या पलीकडच्या जळकोटला चाललीय, असं काहीसं तो भराभर बोलला आणि वाटेतल्या ढोकीला त्यानं दोघींना उतरवून दिलं.

स्टँडच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. आपल्या लेकीकडं आली होती, आता तुळजापूरवरून तामलवाडीला परत निघालेली, नाव उमाबाई. मनसरा तिला विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात सृजनानं तिचा हात ओढला.

"तू नको बोलू. मी इचारते."

पोरीनं सगळं नीट विचारून घेतलं. उमाबाईला कौतुक वाटलं. कुठली गं तू, म्हणाली. पोर म्हणाली, जळकोटची.

"आन् ही?"

"आई हाय माझी. तिला बोलता येत न्हाय."

घरी ती आईला आमा म्हणायची. आज पहिल्यांदाच आई म्हणाली.

उमाबाईचा चेहरा एकदम मऊ झाला. तिनं मनसराच्या पाठीवरून हात फिरवला आणि तेव्हापासून खुणांनी बोलायला लागली. गाडी आली की बोटानं गाडी दाखवायची, भाकरीचा तुकडा मोडून हात तोंडाकडं न्यायची, बस म्हणायचं झालं तर जागेवर थोपटायची. काय झालंय हे मनसराला कळलं होतं. एका शब्दात तो गैरसमज निघाला असता. पण तो शब्द बोलल्यावर आणखी दहा बोलावे लागले असते. धाराशिवला गाडी बदलून तुळजापूर येईपर्यंत ती मुकीच राहिली, आणि इतक्या मायेनं या मुलखात तिला आजवर कोणी वागवलं नव्हतं. याचंच तिला रडू आलं. उमाबाईला वाटलं, बिचारी दमली.

सोमवारी ती रिकाम्या हातानं शाळेत गेली. इंद्रजित सरांनी पोरीकडं पाहिलं, अंगणवाडीची नोंद पाहिली आणि एक जून लिहून टाकलं. वर्गातल्या निम्म्या पोरांची तारीख तीच आहे म्हणाले. सृजना चैतात जन्मली होती, दवाखान्याच्या वाटेवर, डोंगर उतरताना; वर सगळं रान लाल फुललं होतं. हे सांगायची चार वाक्यं मनसरानं सकाळपासून जुळवून ठेवली होती. पण सर दुसऱ्या कागदाकडं वळले, आणि पोर केव्हाच वर्गात पळाली होती.

"हो सर," ती म्हणाली.

तिथून ती घरी गेली नाही. हॉटेलच्या मागच्या दारी जाऊन गिऱ्हाईक ओसरेपर्यंत उभी राहिली. शेवटी खिमबहादुर हात पुसत बाहेर आला; काम झालं का, म्हणून त्यानं विचारलं. नाव लागलं, एवढंच तिनं आपल्या भाषेत सांगितलं. चैताचं ती सांगणार, तेवढ्यात आतून कुणीतरी रोट्या मागितल्या आणि तो आत वळला.