घर पेलणारी भिंत

बापूसाहेबांच्या घरात कुठलाही वाद भूकंपापर्यंत आला की संपायचा. किल्लारीत त्यांचा धाकटा भाऊ भिंतीखाली गेला. त्यानंतर लातुरात बांधलेल्या या घरात खिळा ठोकायचा तरी त्यांची परवानगी लागे.

त्यांच्या सुनेला, श्रद्धाला, खिळ्याहून मोठं काही हवं होतं. एका क्लासनं बाहेरगावच्या मुलांसाठी ऑनलाइन बॅच काढली होती आणि रसायनशास्त्राच्या डेमो लेक्चरला तिला बोलावलं होतं. एम.एस्सी. झाल्या झाल्या लग्न झालं, तेव्हापासून पोळ्या लाटण्यात गेलेल्या वर्षांत हे पहिलंच बोलावणं. पण राउटर वरच्या मजल्यावर, नीटची तयारी करणाऱ्या भाडेकरू मुलींच्या पॅसेजमध्ये. मोबाइलची रेंज शोधायला तर फाटकापर्यंत जावं लागे.

केबलवाल्या रियाजनं तिच्या खोलीत उभं राहून फोन वर-खाली फिरवला.

"भाभी, मधी स्लॅब हाय, बीम हाय. वायफाय इथं येईस्तोवर दम तोडून राहिलं. बाहेरून केबल सोडतो. एक भोक, बस."

"भोक न्हाई," बापूसाहेब दारातून म्हणाले.

"बाबा, वर सगळ्या खोल्यांत पाडलीत की."

"वरच्या भिंती नंतरच्या. ही भिंत घर पेलते."

"बोटाएवढं तर भोक, बाबा. नाहीतर मी वर मुलींच्या खोलीत बसते."

"घरची सून भाडेकरणीच्या पलंगावर बसणार?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "भाऊ गेला तेव्हा तू शाळेतही जात नव्हतीस."

रियाजनं ड्रिल पिशवीत टाकलं. नांदेडला बँकेत असलेल्या अंबरीशला तिनं फोन केला.

"वायफायवर भागव ना," नवरा म्हणाला. "बाबांचं तुला माहीतच आहे."

डेमोच्या दिवशी वर सगळ्या मुली आपापली लेक्चरं लावून बसल्या होत्या. श्रद्धानं सुरुवात छान केली. समोरचे सर मान डोलावत होते. मग त्यांची मान एका बाजूला कलून तशीच राहिली. चित्र परत आलं, पुन्हा थिजलं. "मॅडम, आवाज तुटतोय," असं दोनदा ऐकू आलं. तिसऱ्यांदा नुसतं "मॅडम".

संध्याकाळी निरोप आला. विषयावर पकड उत्तम, पण घरी नेट असं असेल तर बॅच कशी देणार? दुसऱ्या कुणाला तरी घेतलं होतं.

पुढच्या आठवड्यात मुदखेडहून एक पालक मुलीसाठी, उर्वीसाठी, खोली बघायला आले. त्यांना सगळं पसंत पडलं, फक्त फाटकावर कॅमेरा हवा होता. बापूसाहेबांनी रियाजला त्याच दिवशी बोलावलं. कॅमेऱ्याचा पडदा बापूसाहेबांच्या पलंगासमोर लागायचा होता आणि त्याची वायर आत यायला रस्ता एकच, श्रद्धाच्या खोलीची भिंत.

ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा ड्रिलचं टोक भिंतीला टेकलेलं होतं.

"बाबा, ही भिंत घर पेलते ना?"

"पालकांची मागणी आहे," बापूसाहेब म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळले. "ही आमची सूनबाई. एम.एस्सी. केमिस्ट्री. कुठं जात न्हाई, घरीच असते. उर्वीला कधीही शंका आली की खाली यायचं. दुसऱ्या कुठल्या घरात मिळती ही सोय?"

रियाज थांबला. हळूच म्हणाला, "भाभी, ह्याच भोकातून तुमची बी ओढू का? आता ते न्हाई म्हणायचे न्हाईत."

"कशासाठी ओढता?" ती म्हणाली.

त्यानं मान खाली घालून बटण दाबलं. ड्रिल घरघरू लागलं. पाहुण्यांनी कप उचलत विचारलं, "मॅडम कोणत्या क्लासवर शिकवत होत्या?"

"कुठंच नाही," श्रद्धा म्हणाली. "आमच्याकडं भूकंप सुनेपुरताच होतो."

बापूसाहेबांच्या हातातली बशी जागच्या जागी थांबली. पाहुण्यांना ड्रिलच्या आवाजात काही ऐकू आलं नव्हतं. ते हसून मान डोलावत होते. ड्रिल थांबल्यावर त्यांनी विचारलं, "मग उर्वीला कधीपासून पाठवू, मॅडम?"