लतीफभाईंच्या टकलावरची डबी

सेनगावच्या एसटी स्टँडसमोर मोबाईल दुरुस्त करणाऱ्या गौसियाच्या टेबलावर तांड्यावरच्या मिराबाईनं एक काळपट डबी आपटली. फवारणी पंपाच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर शेतातच मोबाईल चार्ज व्हावा, म्हणून गौसियानंच ती बनवून दिली होती.

"पोरी, हे मोबाईल चार्ज करतंय का भाकर भाजतंय? माझी पिशवी जाळली यानं!"

गौसिया वरमली. "मावशी, मोबाईलला पाचच व्होल्ट लागतात. उरलेल्या सातांची नुसती गरमी होऊन राहिली."

"म्हंजे आमच्या घरच्या माणसावानी. खातो बाराचं, काम पाचाचं, बाकी सगळा ताव."

गौसिया हसली, पण गोष्ट मनाला लागली. आठवडाभर खपून तिनं नवी डबी बनवली. हिच्यात जास्तीची वीज जाळायची भानगडच नव्हती. एक चिप वीज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करायची आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी तिला सांभाळून पाच व्होल्टवर आणायची.

ती न्यायला आलेल्या मिराबाईचा डबी तापत नाही यावर विश्वास बसेना. शेजारी गौसियाचे वडील लतीफभाई खुर्चीत घोरत होते. गौसियानं डबीला पंपाची बॅटरी आणि मोबाईल जोडला आणि ती चालू डबी अलगद त्यांच्या टकलावर ठेवली. अर्धा तास गेला, मोबाईल निम्म्याच्या वर चार्ज झाला, पण घोरणं काही थांबलं नाही. शेवटी मिराबाईनंच त्यांना हलवून उठवलं.

"बापाच्या डोक्याला बॅटरी लावती काय गं?" लतीफभाई कडाडले.

"भाऊ, ते ऱ्हाऊ द्या," मिराबाई म्हणाली. "चटका बसला का?"

त्यांनी टक्कल चाचपलं. "न्हाई."

"मंग पोरी, अशा दोन दे."